वरची तार बारीक

३ मार्च
उकुलेले मिळालं – चार तारांचं, गिटारीचं धाकटं भावंड! पेंटरनं दिलं. पेंटर म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, वयानं बाबांएवढा. त्याची बोटं आता वळत नाहीत म्हणे. "घे, खिळ्याला टांगून काय करतंय?"
एवढी चांगली वस्तू फुकट? कुठंतरी पाणी मुरतंय.

५ मार्च
मोबाईलमधला मास्तर तारांना जी, सी, ई, ए म्हणतो. डोक्यात राहीना. मी आपली घरची नावं दिली – वरून खाली बाबा, आई, ताई, मी. मास्तर मोजतो मात्र खालून! सगळ्यात खालची तार एक नंबर. म्हणजे शेंडेफळाचा पहिला मान! घरी सांगितलं तर मार खाईन.

७ मार्च
गडबड आहे. बाबांची तार बारीक! आवाज ताईपेक्षा वर चढतो. जाड आहे ती आई. (तसं आमच्या घरात खरंच आहे म्हणा.) शेजारच्या खोलीतल्या ड्रायव्हरची गिटार बघून आलो. तिथं सगळ्यात जाड तार वर, मग खाली बारीक होत जाते. थोरला वर, धाकटा खाली – सरळ काम.
ड्रायव्हर म्हणाला, "मूळची तार काढून घेतली असेल रे त्यानं. फुकट कोण काय देतं?"
मला वाटलंच होतं!

८ मार्च
लॉन्ड्रीत चादरींवर इस्त्री फिरवताना दिवसभर तेच. पेंटर सकाळी माझ्याकडे बघून हसला. का हसला? साबणाची वडीपण लवकर झिजतेय. पाकीट उशीखाली ठेवतोय.

९ मार्च
विचारलंच. "तुम्ही वरची तार बदललीत ना?"
"नाही रे बाबा. ती अशीच असते."
अशीच कशी असेल? म्हटलं, "खरं सांगा. नाहीतर ड्रायव्हरकडे एक खाट रिकामी आहे. मी चाललो."
त्यानं माझ्या खाटेकडे बघितलं. मग – "हो. मीच बदलली. आणून देतो."
बघा! निघालाच चोर.

११ मार्च
जाड तार आणली. बसवलीपण त्यानंच. रविवारी हलणार म्हणजे हलणार. चोराशेजारी झोप कुणाला लागते?

१४ मार्च
मास्तरसारखं वाजेचना. उकुलेले घेऊन दुकानात गेलो. भिंतीवर ओळीनं उकुलेले – सगळ्यांची वरची तार बारीक! एकूण एक!
दुकानवाली जाड तार बघून म्हणाली, "तीन दिवसांपूर्वी रंग लागलेल्या कपड्यांतले एक काका हीच घेऊन गेले. त्यांना सांगितलं, मूळची बारीकच असते, जाड हौसेनं लावतात कुणी कुणी. ते म्हणाले, माहीत आहे, द्या."
माहीत होतं! मग हो का म्हणाला? आता हा कसला डाव?

१५ मार्च, रविवार
विचारलं. पेंटर ब्रश धूत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्याआधी इथं दोघं राहून गेले. एकाचं घड्याळ हरवलं, दुसऱ्याचा चार्जर. दोघांनाही मी खरं तेच सांगत राहिलो, तरी दोघं खाट सोडून गेले."