आईच्या ओबडधोबड फोडी

तीर्थरूप बाबा,
धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. कॅन्टीनमध्ये भाज्या भाजायचं काम आता माझ्याकडे आलंय. पहिल्या दिवशी सगळ्या फोडी एकसारख्या चिरल्या. भोपळ्याचा लगदा झाला आणि गाजर कच्चंच राहिलं! आचाऱ्याने कपाळाला हात लावला. मग आईसारखं चिरलं, गाजर बारीक आणि भोपळा मोठा. सगळं एकाच वेळी मऊ झालं. आणि आपण दोघं तिच्या ओबडधोबड फोडींना जन्मभर हसलो.

तुम्ही वेळेवर जेवता ना? दादाकडे डबा मागायला लाजू नका.

परवा आईच्या फोनवर कुणीतरी नुसतंच रडलं ना, ती मीच. भाजी जमली हे तिला सांगायला कॅन्टीनच्या फोनवरून नंबर लावला होता. ती आता नाही, हे तुमचा आवाज ऐकल्यावर आठवलं.

तो फोन चार्ज करत जा.

तुमची,
धाकटी