बिननंबराचा चष्मा

शहापूर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय हिरी,

पाच महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. ‘कामातून सवड मिळाली नाही’ असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. सवड होती. डायरी रोज लिहीतच होते.

इकडचं कळवते. आटगावची आपली लाइन नोव्हेंबरात मुरबाडच्या नव्या कारखान्यात हलवली. कंपनीची बस शहापूरहून सव्वासहाला सुटते. मी खिडकीशी बसते, पण वाटेत काय पाहिलं ते संध्याकाळी आठवत नाही. काम तेच, गॅसच्या रेग्युलेटरमधल्या काळ्या रबरी रिंगा. तोच पट्टा, वर तोच कॅमेरा, पडद्यावर त्याच तीन चौकटी: चांगल्या रिंगेभोवती हिरवी, वाईट रिंगेभोवती लाल, आणि सॉफ्टवेअरला जिचं कळत नाही तिच्याभोवती पिवळी. पिवळीचा निकाल अजूनही माणसानेच द्यायचा, ‘ठीक’ किंवा ‘बाद’. तुझा स्टीलचा डबा आटगावच्या कपाटात राहिला होता, तो मी घरी आणलाय. घासून ठेवलाय.

तीन वर्षांपूर्वी पुण्याचा इंजिनिअर ते सॉफ्टवेअर बसवायला आला होता, आठवतं? त्याला नमुने हवे होते. तू नऊशे रिंगा एकेक करून बोटावर ताणल्यास, खिडकीकडे धरल्यास आणि दोन ट्रेमध्ये वाटल्यास. बारीक चीर उघडली की म्हणायचीस, ‘बग ताई, ही हसते.’ त्याला काही दिसेना. तो भिंग घेऊन बसला, तेव्हा त्यालाही चीर दिसली. तू म्हणालीस, ‘सायेब, तुमच्या कंप्युटरला सांगा, हिरीकडं शिकवणी लाव म्हणावं.’ सगळी लाइन हसली होती. ते दोन ट्रे अजून आहेत. सॉफ्टवेअर नवीन मशीनवर चढवलं की आधी तुझ्याच रिंगा दाखवून तपासतात.

गेल्या सोमवारी मुरबाडला चौदा नव्या मुलींना शिकवायला मला उभं केलं. आपले सुपरवायझर साईनाथ सर इथेही आहेत, त्यांनी चित्रांचा संच तयार करून दिला होता. सहाव्या चित्रावर जुलैचा तो लॉट होता, ग्राहक कंपनीने चाचणीत पकडून परत पाठवलेला. चौसष्ट चिरलेल्या रिंगा, चौसष्टांपुढे ‘ठीक’. खाली लिहिलं होतं: ‘ऑपरेटर ०७. कारण: नजरचूक.’ मी ते मोठ्याने वाचलं. एकीने विचारलं, मग त्या बाईचं काय झालं. मी म्हटलं, तिने काम सोडलं. पुढचं चित्र लावलं.

जेवणाच्या सुट्टीत त्या चौदातलीच एक मुलगी ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. टोपी काढल्यावर ओळखलं. काजल. ती इथे लागलीय हे मला माहीत नव्हतं. तिने विचारलं, ‘मावशी, ०७ म्हंजे आमची आई ना?’ मी हो म्हटलं. ती रागावली नाही. भात कालवत सांगत राहिली, ‘आई आता तांदूळ निवडत नाय. सूप माझ्याकडं सरकवते. म्हणते, माझी नजर बाद झाली गो, खडे राहतील. शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणला, नंबरच नाय. आई ऐकते कुठं! भांडून चष्मा घेतला. दुकानदारानं बिननंबराचा दिला, तोच नाकावर घेऊन बसते. म्हणते, आता जरा बरं दिसतं.’ मग हसली. नर्सिंगचं विचारलं, तर म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. मी ताटातलं सगळं संपवलं. आमटीला मीठ कमी होतं, हेही त्या दिवशीच्या डायरीत आहे.

ऑगस्टमध्ये साईनाथ सरांनी तुला ऑफिसात बोलावलं तेव्हा मी दाराशी उभी होते. तू परत आलेल्या लॉटचा कागद पाहिलास, मग एकदा माझ्याकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, ‘चुकलं असल सायेब. नजर गेली असल.’ त्या एका नजरेवर मी पाच महिने काढले. मला वाटलं, हिला सगळं आठवतंय आणि ही मला वाचवतेय. तू वाचवलंस असं धरलं की मला निदान तुझे उपकार मानता येत होते. तुला आठवतच नसेल, तू त्या कागदावर खरंच विश्वास ठेवला असशील, हे माझ्या मनात आलं नाही. की आलं होतं आणि मी येऊ दिलं नाही? डायरीत शोधलं. तिथेही नाही.

हिरी, ९ जुलै आठव. काजलच्या जातीच्या दाखल्याचा शेवटचा दिवस. तू म्हणालीस, ‘ताई, मना दीड तास दे. आज दाखला नाय घेतला त पोरीचं नर्सिंग गेलं.’ मी म्हटलं, जा, गेटपास राहू दे, तुझ्या जागी मी बसते. मशीनवर ऑपरेटरचा नंबर बदलला की लॉट बंद होतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून सकाळी ज्याने नंबर उघडला त्याचाच पाळीभर चालतो, ही आपली सगळ्यांची रीत. साईनाथ सरांनाही ती ठाऊक आहे. मी तुझ्या खुर्चीत तुझ्या ०७ वर बसले. माल न्यायला आलेली गाडी गेटवर खोळंबली होती. पिवळ्या येत गेल्या. एकही ताणून पाहिली नाही. चौसष्ट वेळा ‘ठीक’ दाबलं. त्या संध्याकाळच्या डायरीत माझ्याच अक्षरात आहे: ‘सव्वाअकरा ते पाऊण हिरीच्या जागी. पिवळ्या सगळ्या सोडल्या. ताणल्या नाहीत.’ कागदावर प्रत्येक रिंगेपुढे वेळ छापलेली होती, पहिली ११.२५, शेवटची १२.३०. तेव्हा तू शहापूरला तहसील कचेरीच्या रांगेत होतीस. ती वेळ कोणी वाचली नाही. मी वाचली. तुझी नजर गेली नाही, हिरी. ती त्या दिवशी तिथे नव्हतीच. तुला एवढं कळावं म्हणून हे पत्र. काजलला वाचायला देऊ नकोस. मला लाज वाटेल म्हणून नव्हे, तिला मी स्वतः सांगेन. अक्षर मुद्दाम बारीक काढलंय. चष्मा काढून ठेव आणि तूच वाच.

तुझीच,
प्रमिला

आजच्या डायरीत: उद्या पाळी सुरू होण्याआधी साईनाथ सरांच्या टेबलावर डायरी ९ जुलैच्या पानावर उघडून ठेवणे.