हात सैल सोडा

आई,

जुईनगरहून तुझ्या आणि बाबांच्या पाया पडते.

आम्हा नवरा-बायकोचं बरं चाललंय. झटक्यानंतर दिपेशची जीभ अजून वळत नाही, पण जेवतो नीट. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्याला रोज सोसायटीच्या बागेत ताई-चीला नेते. पाण्यात हात फिरवावेत तसा संथ व्यायाम, तो खुर्चीतच करतो. तू टेन्शन घेऊ नकोस.

बाबांचं खारवलेलं सुकट बंद झालं का?

काल ताई-चीचे सर म्हणाले, "हात सैल सोडा." दिपेशचा उजवा तर लुळाच आहे. डाव्या मुठीत माझी ओढणी होती, ती सुटेना. शेवटी मीच सोडवून घेतली आणि लांब जाऊन उभी राहिले. आई, किती महिन्यांनी माझेच खांदे सैल झाले. ते त्याने पाहिलं.

बाबांना वाचून दाखवशील तेव्हा हे शेवटचं गाळ.

तुझी
निशिगंधा