चारही कोपरे

पुणे, ४ मार्च २०२४

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझे बाबा, म्हणजे आमचा दादा, बरा आहे आणि हट्टही पूर्वीइतकाच ठणठणीत आहे. तू आयर्लंडचा पासपोर्ट घेतलास तेव्हा तो तुला परक्यांची झालीस म्हणाला, तूही गप्प बसली नाहीस. दोन वर्षं झाली, तुमचं टपालखातं मीच चालवतेय.

हल्ली तो ट्यूडर काळातल्या किल्डेअरच्या फिट्झजेराल्ड घराण्यामागे लागलाय. वाचनालयात २७ एप्रिलला व्याख्यान आहे ना! घराणं इंग्लंडच्या राजाच्या सरदारांचं, पण पिढ्या आयर्लंडात गेल्या आणि तिथलंच होऊन बसलं. आठव्या हेन्रीने त्यांच्या कर्त्या पुरुषाला लंडनच्या टॉवरमध्ये अडकवलं. डब्लिनला मुलाच्या, टॉमसच्या, कानावर आलं की बापाचा शिरच्छेद झाला. त्याने भरसभेत राजाची तलवार टाकून बंड पुकारलं. बाप तर जिवंत होता! बंडाची बातमी कळल्यावर तो खचला म्हणतात, आणि कैदेतच गेला. पुढे टॉमसला आणि त्याच्या पाच काकांना देहदंड झाला. धाकटा भाऊ तेवढा वाचला, कारण त्याला आत्याने सांभाळलं. आत्याच कामी येते, लक्षात असू दे.

त्यांचा पडका किल्ला तुमच्याजवळ मेनूथला आहे. तिथल्या जुन्या झाडाखाली टॉमस वाद्य वाजवत बसे अशी दंतकथा आहे. दादाला त्या झाडाचा फोटो हवाय. त्याने हे तुला सांगायला सांगितलंय, हे मात्र सांगायचं नाही असंही सांगितलंय.

यशोधनरावांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहो.

तुझी,
अलकनंदाआत्या


सँडीफोर्ड, डब्लिन, १६ मार्च २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने मला आधी रडवलं, मग ते वाचलं गेलं. परवा ऑफिसातून आले तर ओट्यावर तुझं पाकीट, आणि त्याचा कोपरा फाडलेला. आपल्याकडे मरणाची बातमी देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात, हे आईनेच मला शिकवलं होतं. अक्षर तुझं, म्हणजे गेले ते बाबाच. पाकीट उघडायचा धीर झाला नाही. फोन हातात घेऊन खाली ठेवला. अशी बातमी आजकाल पत्राने येत नाही, एवढंही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवसाचं विमान तेवढं बुक केलं आणि जमिनीवर बसून राहिले.

यशोधन आला आणि मला पाहून घाबरला. खालच्या मजल्यावरच्या मोरीनआजी मदतकार्यासाठी परदेशी टपाल तिकिटं जमवतात. त्यांच्यासाठी त्याने पाकिटाचा कोपराच फाडला होता. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे कोण शिकवणार! आजींनी तिकीट 'ग्रँड' आहे म्हणून निरोप पाठवला.

मग पत्र वाचलं. टॉमसच्या ओळीपाशी आले आणि पुढचं दिसेना. बाबा गेले असं वाटलं तेव्हा पासपोर्ट, भांडण काहीच आठवलं नाही गं. त्यांच्याशी बोलायचं राहिलं, एवढंच आठवलं.

काल मेनूथला गेले. फोटो काढला, पण पाठवत नाही. विमान रद्द करू का, असं यशोधनने विचारलं. मी ते २४ एप्रिलवर नेलं. फोटो मी हातात देईन. ते घेतील का, तेवढं विचारून कळव.

लोभ आहे, त्याच्याच जोरावर हे मागते आहे.

तुझी,
रेवा


पुणे, ३० मार्च २०२४

चि. रेवास,
आशीर्वाद.

अलकनंदाने तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा भाग दोनदा वाचायला लावला. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

ते घराणं अखेर इंग्रज म्हणावं की आयरिश, हे व्याख्यानात सांगावं लागेल. मला ठरवता आलेलं नाही. तू तिथे राहतेस, तुला जास्त कळेल. येशील तेव्हा समोर बसून ठरवू.

या पाकिटाचे चारही कोपरे मी स्वतः तपासले आहेत. एकाला आत्याने कुंकू लावलं आहे. जावईबापूंना सांग, तिकीट जपून, कात्रीने कापायचं.

त्या बापलेकांची भेट राहून गेली. मी विमानतळावर येतो आहे.

तुझा,
बाबा