तुझ्या बाजूने भांडताना

नाचणे रोड, रत्नागिरी

प्रिय राजश्री,

अक्षर ओळखलंस का? पूर्वीपेक्षा वाकडं झालंय. दादाला उठवता-बसवताना माझा उजवा खांदा आखडलाय, लिहिताना कळ येते. अकरा वर्षांनी पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत खांद्याची तक्रार केली, हसू नकोस. पत्ता तुझ्या स्वरूपने दिला. तो मिरजोळ्याला नोकरीला लागलाय हे मला माहीतच नव्हतं. बँकेच्या रांगेत उभी होते, मागून कुणीतरी म्हणालं, "योगिनीमावशी ना तुम्ही?" वळून बघते तर अगदी तुझं कपाळ. दर दिवाळीला नागपूरला तुझ्याकडे जातो म्हणाला. ते ऐकून फार बरं वाटलं गं. तुझा फोन नंबरही देत होता, मीच घेतला नाही. फोनवर तू 'हॅलो' म्हटलं असतंस आणि मी पाऊस-पाणी विचारून ठेवून दिला असता. जे सांगायचंय ते लिहूनच सांगता येईल, तेही जमलं तर.

आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. दादा जेवून झोपलाय. कामाला येणारी गंगुबाई चारपर्यंत आहे, म्हणजे दीड तास माझा. असा दीड तास मिळाला की मी एरवी भिंतीला टेकून नुसती बसते. झोप येत नाही, वाचवत नाही. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा काय काय ठरवलं होतं, त्यातलं आता आठवतही नाही.

आत्मारामदादाला गेल्या वर्षी गणपतीनंतर अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू हळूहळू थोडी सावरली, पण डोकं सावरलं नाही. आधी नावं गेली, मग माणसं गेली. कारखान्याच्या स्टोअरमध्ये सत्तावीस वर्षं काढलेला माणूस, कुठला बोल्ट कुठल्या कप्प्यात ते झोपेतही सांगायचा, आणि आता शर्टाची बाही कुठे आहे ते त्याला हात धरून दाखवावं लागतं. मला कधी आई समजतो, कधी 'अहो बाई' म्हणतो. बहीण म्हणून शेवटची हाक कधी मारली ते मी आठवायचा प्रयत्न करते, पण तेव्हा ती शेवटची आहे हे कुठे ठाऊक होतं? डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, ज्यात त्याचा जीव रमतो ते बोला. त्याचा जीव कशात रमतो हे तुला मी सांगायला नको. सगळं पुसलं गेलं तरी सिनेमे शाबूत राहिले.

रत्नप्रभा टॉकीजचे आपले रविवारचे खेळ तुला आठवतात ना? रोजचा पहिला खेळ बाराचा, त्याआधी साडेआठला आपला. एकेकाळी साफ आपटलेले, पण ज्यांच्यामागे काही माणसं आयुष्यभर वेड्यासारखी लागतात असले सिनेमे. मुंबईची पोरं त्यांना कल्ट म्हणायची. दादाला तो शब्द आवडायचा नाही. तो म्हणायचा, "हट्टी सिनेमे म्हणा. मेले म्हणून सांगितलं तरी न मरणारे." खेळ संपला की बाल्कनीच्या बाहेर खुर्च्या मांडायच्या, खालून चहा आणि कांदाभजी यायची, आणि बाराच्या खेळाची माणसं जिन्यावर दिसेपर्यंत भांडायचं. माइक माझ्याकडे, कारण मास्तरीण मी. ऑपरेटर धाकूकाका प्रोजेक्टरच्या खोलीला कुलूप लावून मुद्दाम थांबायचे आणि तुला विचारायचे, "काय गो बाय, आज भांडणार की नाय?" तो भुताचा सिनेमा होता बघ, ज्यात माइकची दांडी दर थोड्या वेळाने वरून डोकावते. सगळे हसत होते. तू शांतपणे म्हणालीस, "मला तर त्या दांडीचीच भीती वाटली. आपल्याला दिसतेय आणि पडद्यावर कुणालाच दिसत नाहीये." दादा ठसका लागेपर्यंत हसला होता. घरी येताना म्हणाला, "योगे, ही राजश्री आपल्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे, पण तिला सांगू नको." आज सांगितलं.

टॉकीज करोनात बंद झालं ते उघडलंच नाही. धाकूकाका गावी केळशीला गेले आणि गेल्या पावसाळ्यात वारले. कळवायला हवं होतं तुला.

तर, हे असं सुरू झालं. शिमग्यानंतरची संध्याकाळ होती. मी दादाला चहा पाजत होते. त्याने बशी बाजूला केली, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाला, "राजश्री, आलीस? बस. तो शेवट चुकलाय, मी अजून तेच म्हणतो." मला आधी कळेना. मग कळलं, तो 'खाडीपलीकडे'बद्दल बोलतोय. तोच सिनेमा. मी म्हटलं, "दादा, मी योगिनी." तो कावराबावरा झाला. "राजश्री कुठे गेली? आत्ता इथे होती." उठायला लागला, पडता पडता वाचला, आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला. सहा महिन्यांत त्याने कुणालाही नावाने हाक मारली नव्हती, आणि मारली ती तुला. काय करणार होते मी? डोळे पुसले आणि म्हटलं, "इथेच आहे मी, आत्मारामभाऊ. बोला. काय चुकलंय शेवटात?"

तेव्हापासून आठ महिने रोज संध्याकाळी मी तू होते. सख्ख्या भावाला भाऊ आणि अहो-जाहो करायची सवय लावून घेतली. सुरुवातीला वाटलं, सोपं आहे, थोडं बोलायचं आणि हरायचं. पण दोन दिवसांत त्याला संशय आला. "तुला बरं नाही का? राजश्री इतकं ऐकून घेत नाही." म्हणजे खरंच भांडायला हवं होतं. आणि माझी पंचाईत अशी की त्या सिनेमाबद्दल माझं मत कायम दादासारखंच होतं. खाडीकाठच्या गावातली बाई ट्रंक घेऊन पलीकडे जाणाऱ्या तरीत, होडीत, बसते, तिचा सहा वर्षांचा मुलगा काठाने धावत येतो, आणि चार मिनिटं पडद्यावर फक्त तिची मान. मागून. दादा म्हणायचा, दिग्दर्शक भ्याला, तिचा चेहरा दाखवायची छाती नव्हती त्याला, म्हणून बाई दगडासारखी झाली. मलाही तसंच वाटायचं. तुझं म्हणणं मी दर वेळी माइक धरून ऐकलं होतं, पण खरं सांगते, कानाआडच केलं होतं. आता त्याचा शब्द न् शब्द आठवायची वेळ आली. भाजी चिरताना, त्याचे कपडे भिजवताना मी मनातल्या मनात तुझे मुद्दे जुळवायची. संध्याकाळपर्यंत काही सापडलं नाही तर चहा मुद्दाम उशिरा ठेवायची.

थकले गं मी. अंग थकतं त्याचं काही नाही. पण रोज दुसऱ्याचं डोकं चढवून बसायचं, आणि ज्याच्यासाठी बसायचं त्याला आपण दिसत नाही, ह्याने माणूस आतून रिकामा होतो. काही दिवस तर मला तुझा रागच यायचा. नागपुरात बसून तू माझ्या घरात रोज हजर, आणि मी चाळीस वर्षं ह्याच घरात असून गैरहजर.

मग मे महिन्यात मला तो सिनेमा मोबाइलवर सापडला. कुणीतरी टाकलाय, चित्र धुरकट, आवाज फाटका. दादा झोपला असताना मांडीवर मोबाइल ठेवून बघितला. टॉकीजमध्ये तीनदा बघितलेला सिनेमा, पण ह्या वेळी मी तुझ्या बाजूने मुद्दा शोधायला बसले होते. ती चार मिनिटं आली. मान तर दिसतेच. पण खाली, चौकटीच्या अगदी कोपऱ्यात, तिचा हात तरीच्या काठावर आहे. बोटं इतकी घट्ट आवळलेली की नखं पांढरी पडलीत. मुलाची हाक येते तेव्हा ती बोटं सुटतात, आणि पुन्हा आवळतात. तू म्हणायचीस, "ती वळत नाही, कारण वळली तर तिला जाताच येणार नाही." इतकं सरळ होतं ते. इतकी वर्षं मी चेहरा नाही म्हणून तक्रार करत राहिले, हात बघितलाच नाही. त्या दुपारी मी खूप रडले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा दादाशी मनापासून भांडले. तो हरला. खूश झाला. म्हणाला, "आज राजश्री आल्यासारखी वाटली."

आता तो रविवार. मी हे टाळत टाळत इथवर आणलंय.

साठेक माणसं होती. ह्याच सिनेमाचा खेळ होता, आणि तू बोललीस तितकं छान त्या जागेवर कुणी कधी बोललं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा उठला. एरवी तुला अगं-तुगं करणारा माणूस त्या दिवशी म्हणाला, "राजश्रीबाईंना ती बाई बरोबर वाटणारच. त्यांनीही पोराला संगमेश्वरात ठेवूनच तरीत पाय टाकला ना!" कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. तुला संगमेश्वरच्या नवऱ्याच्या घरातून कसं निघावं लागलं, स्वरूपला त्यांनी कसं अडवून ठेवलं, तू दर शनिवारी एसटीने जाऊन शाळेच्या फाटकाशी कशी उभी राहायचीस, हे त्या साठांत फक्त दोघांना माहीत होतं. दादाला आणि मला. तू माझ्याकडे बघितलंस. माइक माझ्या हातात होता. आणि मी काय म्हणाले? "चला, चहा आलाय. चहा घेऊया." तू पर्स उचललीस आणि जिना उतरलीस. दोन महिन्यांत बदली मागून नागपूरला गेलीस. मी निरोप द्यायला स्टेशनवर आले नाही. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून, की भावाविरुद्ध उभं राहायचं नव्हतं म्हणून, ते अजून माझं मला नीट सांगता येत नाही.

आपलं चुकलं असं दादाने नंतर कधी म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही. रविवारचे खेळ आणखी काही वर्षं चालले, पण दादा त्यानंतर चर्चेत कधी बोलायला उठला नाही. मला वाटायचं, वय झालं.

तीन आठवड्यांपूर्वी, संध्याकाळी, मी नेहमीसारखी खुर्ची ओढून बसले आणि त्याच्या मुद्द्याची वाट बघत राहिले. मग चांगला हात पुढे करून त्याने माझं मनगट धरलं. शब्द जुळवायला त्याला खूप वेळ लागला. म्हणाला, "राजश्री, त्या दिवशी मला उत्तर सुचत नव्हतं. म्हणून तुझ्या घरात शिरलो." थोड्या वेळाने पुन्हा, "उत्तर नव्हतं गं माझ्याकडे. माफ करशील?" मी म्हणू शकले असते की राजश्री उद्या येईल, तिला विचारा. गप्प बसू शकले असते, गप्प बसायची मला सवय आहे. पण मी म्हणाले, "केलं माफ, आत्मारामभाऊ. कधीच केलं." त्याने मान हलवली, मनगट सोडलं आणि डोळे मिटले. त्या दिवसापासून त्याने सिनेमाचं नाव काढलेलं नाही, तुझंही नाही. शांत असतो. भरवलं तर जेवतो, खिडकीतून आंब्याकडे बघत राहतो. संध्याकाळी मी खुर्ची ओढून बसते, पण आता भांडायला कुणी नाही.

हे पत्र त्यासाठी. मी तुझ्या नावाने माफी देऊन टाकली, आणि ती द्यायचा मला काडीचा अधिकार नव्हता. अकरा वर्षांत तू त्याला माफ केलंस की नाही हे मला माहीत नाही. कदाचित कधीच करणार नसशील, आणि तसं असेल तर ते तुझं आहे, मी कोण त्यात लुडबुड करणार? माझी स्वतःची माफी मी त्याच्या माफीच्या आडून मागणार नाही. ते वेगळं आहे, तू कधी समोर आलीस तर समोर बसून बोलेन. आज एवढंच की मी काय केलं ते तुला कळायला हवं, तो असेपर्यंत कळायला हवं. तुझं उत्तर 'हो' असेल तर एक ओळ पुरे. 'नाही' असेल तरीही लिही. मी ते त्याच्या उशाशी बसून वाचून दाखवीन, तुझा आवाज न काढता, योगिनी म्हणून. त्याला समजेल की नाही, देव जाणे, पण मी वाचीन.

उशिरा का होईना, तुझ्या बाजूची,
तुझीच
योगिनी