मस्कतमार्गे

केडगाव, दि. ६ एप्रिल १९९६

श्री. हनुमंतरावांस सौ. रंभाचा नमस्कार. वि. वि.

वरचा पत्ता वाचून दचकू नका. मुंबईच्या एजंटानं ऐनवेळी हात वर केले. म्हणाला, बागकामाच्या मजुराला बायको न्यायचा व्हिसाच मिळत न्हाई, तुमच्या नवऱ्याला हे ठाऊक असायला पाहिजे. होतं का हो ठाऊक?

माहेरी निमोण्याला परतायचा धीर झाला न्हाई. सगळ्या आळीनं माझी ओटी भरली. आबांनी शिरूरच्या स्टँडवर पेढे वाटले, कंडक्टरलासुद्धा. एवढी वाजतगाजत पाठवलेली लेक चौथ्या दिवशी ट्रंक घेऊन दारात उभी राहिली, तर माझा म्हातारा बाप कुणाला तोंड दाखवील? म्हणून रेल्वेनं केडगावला उतरले. शाळेतली मैत्रीण मोनिका इथं मिशनात शिवण शिकवते. तिच्या खोलीवर राहते, ब्लाउज शिवते. सोबत आबांना पत्र लिहिलंय, मी मस्कतला सुखरूप पोचले म्हणून. तिथलं तिकीट लावून टाका. तुमचं बोलावणं आलं की कुणाला काही कळायचं न्हाई.

लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सौ. रंभा

मस्कत, दि. २ मे १९९६

सौ. रंभास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून घास उतरला न्हाई. व्हय, ठाऊक होतं. इथं आल्यावर म्हैन्यातच कळलं. पण आबांना लिहून बसलो होतो की साहेबानं क्वार्टर दिलंय. एका खोलीत आम्ही अकरा जण, लोखंडी खाटा एकावर एक. दिवसभर रस्त्याकडंच्या हिरवळीला पाणी घालतो. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, करार अजून दोन वर्षं.

आबांचं पत्र टाकलं, पण मनाला पटलं न्हाई. गावी जा आन् सगळं खापर माझ्यावर फोड. शिव्या इथवर ऐकू येत न्हाईत. बोलावणं काही यायचं न्हाई, रंभे.

राग धर, पण लिहीत जा.

तुझा,
हनुमंत

निमोणे, दि. १ ऑगस्ट १९९६

सौ. रंभाताईस बापूचा नमस्कार. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. आबा येईल त्याला वाचायला लावत्यात, पोस्टमनलासुद्धा. तुमच्या खिडकीतनं समुद्र दिसतो, हे त्यांना लई आवडलं.

ताई, घाबरू नको. आबांना कावीळ झालीय, पोटात पाणी झालंय. शिरूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आठ-धा दिवस म्हणत्यात. तोंडात सारखं तुझं नाव. तुला तार करतो म्हणालो, तर अंगावर आले. म्हणाले, पोरगी आत्ता कुठं रुळलीय, परमुलखात तिच्या जिवाला घोर लावू नका. म्हणून चोरून लिहितोय. जमलं तर ये. न्हाई जमलं तर त्यांच्या नावानं दोन ओळी तरी पाठव.

दाजींस नमस्कार सांग, आमची आठवण असू दे.

तुझा भाऊ,
बापू

मस्कत, दि. १७ ऑगस्ट १९९६

सौ. रंभास,

बापूचं पाकीट आज हातात पडलं, तसंच आत घातलंय. तार करायला सुपरवायझरनं बाहेर सोडलं न्हाई, म्हणून ड्रायव्हरच्या हाती हे पोस्टात धाडतोय. वाचत बसू नको, आधी एष्टीत बस. कोण काय म्हणंल ते माझ्यावर ढकल.

हनुमंत

केडगाव, दि. ८ सप्टेंबर १९९६

श्री. हनुमंतरावांस नमस्कार. वि. वि.

तुमचं पाकीट एक तारखेला मिळालं. हातातलं तसंच टाकून निघाले. न्हावऱ्याला एष्टी बदलली, दोन तासांत निमोण्यात. आबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. दहावं, तेरावं, सगळं उरकलेलं.

आळी गोळा झाली. विमानानं आली बिचारी म्हणून बायकांनी पाय धुवायला ऊन पाणी दिलं. सोजराबाईनं विचारलं, वाटंत किती दिस गेलं. मी म्हणाले, दोन. आबा शेवटपर्यंत दाराकडं बघत होते म्हणं, आन् तिला कळवू नका म्हणून सगळ्यांना बजावत होते.

आता पुढचं कसं लिहू? काविळीच्या औषधाला बापू जुलैत केडगावला आला होता, असं तो सांगत होता. अहो, मी त्याला पाहिलं होतं. मशिनीवर बसले होते, रस्त्यानं येताना दिसला, हातात बाटली. वाटलं, यानं ओळखलं तर सगळं फुटंल. खिडकी लावून घेतली आन् तो स्टेशनाकडं वळेपर्यंत आत बसून राहिले. एक हाक मारली असती तर आबा भेटले असते. मीच मारली न्हाई. या जिवाचं आता काय करू, तुम्हीच सांगा.

बापूला मी काही बोलले न्हाई. तोच माझ्या पाठीवर हात ठेवून मला समजावत होता, की ताई, एवढ्या लांबून तू तरी काय करणार होतीस.

लोभ ठेवावासा वाटला तर ठेवा.

रंभा