सातव्या प्रकरणातली बाई

६ जानेवारी
गोकुळ सर आले! चार वह्या टेबलावर आदळल्या. "धम्मशीला, ही माझी आत्मकथनात्मक कादंबरी. सध्या हाच प्रकार चालतो." आमच्या चिखलीच्या दुकानात टायपिंगला येणाऱ्या प्रत्येक लेखकाला चालू प्रकार बरोबर ठाऊक असतो. हर्षलच्या अलक येतात – तीन ओळींची गोष्ट, दीड पान ऋणनिर्देश. बानो मॅडमची भयकथा मोबाईलवर भागाभागांनी चालते. भुतालाही दर शुक्रवारी उंबऱ्यावर थांबावं लागतं. मी बापडी सगळ्यांचं टाईप करते.

९ जानेवारी
सरांचा नायक मास्तर. थोर, अबोल, कुणाला न कळलेला. आरसा समोर ठेवूनच लिहिलंय! त्याची बायको रखमा. तिला साहित्य कळत नाही, सारखी जेवायला बोलावते.
सर शेजारी बसून अक्षर लावून देत होते, तेवढ्यात त्यांची खरी बायको, आशाबाई, डबा घेऊन हजर. "जेवून घ्या हो, थंडं होऊन राह्यलं." मला हसू आवरेना. खोकल्यावर ढकललं.

१३ जानेवारी
सातव्या प्रकरणात रखमाला मारलं. तापानं, अर्ध्या पानात! कारण काय, तर नायकाला मोकळेपणी लिहिता यावं. असा संताप आला! सर, डबा तर रोज चाटूनपुसून खाता.

१५ जानेवारी
केलं! टाईप करताना ताप तिसऱ्या दिवशी उतरवला. रखमानं भाकर-ठेचा खाल्ला, पिशवी भरली, सुलतानपूरला बहिणीकडे जाऊन खानावळ काढली. पुढची तेरा प्रकरणं नायक रडतो. चितेचं तेवढं काढलं, रडणं तसंच ठेवलं – बायको निघून गेली तरी माणूस रडतोच की.

१८ जानेवारी
प्रूफ सरांकडे गेलं. त्यांनी वाचलं तर माझी नोकरी गेली! अल्तमशभाई मालक भले, पण गिऱ्हाईकापुढे नरम.

२१ जानेवारी
प्रूफ परत. सरांनी फक्त स्वतःचा फोटो तपासला. "थोडा उजळ करा."

१६ फेब्रुवारी
प्रकाशन. मी मागच्या खुर्चीत. अध्यक्ष रखमाच्या मृत्यूवर गहिवरून पंधरा मिनिटं बोलले. म्हणजे त्यांनीही वाचलेलं नाही! सरांनी डोळे पुसले, सभागृहानं पुसले. पहिल्या रांगेत आशाबाई मात्र मांडीवर पुस्तक उघडून बसल्या होत्या. पानं उलटत होत्या, सावकाश.

१९ फेब्रुवारी
आशाबाई एकट्याच दुकानात आल्या.
"वहीत तं मेली होती मी. लपून वाचलं होतं. पुस्तकात जिती हाये. तू केलं नं, पोरी?"
आता या सांगणार सरांना! तर त्या खुर्ची ओढून जवळ आल्या.
"मंग? चालली का खानावळ तिची?"
"चालली की. रोजची चाळीस ताटं."
"हाव? एवढं तं मीबी करून राह्यली असती." मी चहा सांगितला, तर म्हणाल्या, "आज दुसऱ्याच्या हातचा पिऊन पाहतो."

२४ फेब्रुवारी
आशाबाई परवा डोणगावला बहिणीकडे गेल्या. पिशवी घेऊन. आज सर आले. दाढी वाढलेली. मला वाटलं, आता बसतात बोलणी. त्यांनी पुस्तक सातव्या प्रकरणावर उघडून माझ्यापुढे सरकवलं.
"वाचलं म्या. याच्या पुढचं तूच लिही, धम्मशीला. तिले घरी आन."